तूप थिजलेलं हवं : ठाण्या-वाशीच्या हवेतली नानकटाई

नानकटाईत पाणी नाही, अंडं नाही, पाक नाही. मैदा, तूप आणि साखर, एवढ्यावरच सगळं उभं. म्हणून चूक झाकायला जागा नसते, आणि जमली की आनंदही तेवढाच मोठा असतो. ओव्हनच्या काचेतून बघत राहावं : आठव्या-नवव्या मिनिटाला गुळगुळीत गोळ्याच्या कडेला एक बारीक भेग जाते, मग दुसरी, आणि तूप-वेलचीचा वास दाराच्या फटीतून जिन्यापर्यंत पोचतो. हे दृश्य विकतच्या पुड्यात मिळत नाही.

साधारण १६ नानकटायांचं प्रमाण असं : मैदा १५० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, थिजलेलं साजूक तूप ११० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चमचा, खाण्याचा सोडा एक चिमूट, मीठ एक चिमूट, सहा-सात वेलच्यांची पूड आणि थोडं जायफळ. वाटीने मोजू नका. दाबून भरलेली मैद्याची वाटी आणि चाळून भरलेली वाटी यांत सहज २०-२५ ग्रॅमचा फरक पडतो, आणि नानकटाई बसायला किंवा कोरडी होऊन फुटायला तेवढा पुरतो. छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावरचा खर्च वाया जात नाही.

आता तूप. इथे थांबून बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे नानकटाई बिघडते ती बहुतेक वेळा तुपामुळे. कृतीत 'तूप फेसून घ्या' असं लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात ठाण्यातल्या स्वयंपाकघरात तूप मुळात पातळच असतं. पातळ तुपात हवा धरली जात नाही. ते पिठाच्या कणांना नुसतं माखतं, गोळा तेलकट होतो आणि ओव्हनमध्ये गेल्यावर आकार धरायच्या आधीच पसरतो. म्हणून तूप आधी पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचं. दगडासारखं घट्ट नको, श्रीखंडाइतकं थिजलेलं, बोट दाबलं की खळगा राहील असं. डिसेंबरात उलटं : तूप इतकं घट्ट असतं की तासभर बाहेर काढून ठेवावं लागतं. गॅसवर वितळवून ते पुन्हा थिजायची वाट बघण्यापेक्षा हे बरं. म्हशीचं तूप गाईच्या तुपापेक्षा घट्ट राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात तेच सोपं जातं. बेकरीतली नानकटाई भर उन्हाळ्यातही उंच आणि डौलदार दिसते ती बऱ्याचदा वनस्पती तुपामुळे. ते सहज वितळत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने खाल्ल्यावर टाळूला चिकटून राहतं. साजूक तुपाची नानकटाई थोडी बसकी झाली तरी तोंडात विरघळते. आमचं मत साजूक तुपाच्याच बाजूने.

तूप आणि चाळलेली पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने एकाच दिशेने पाच-सात मिनिटं फेसायची. परातीखाली बर्फाच्या पाण्याचं ताट ठेवलं तर मे महिन्यातही निभावतं. आधी मिश्रण पिवळसर आणि जड असतं, हाताखाली सरसरतं. हळूहळू ते पांढुरकं होतं, फुगतं, बोटाने उचललं तर टोक धरतं. आपल्या आज्या त्याचा थेंब पाण्यात टाकून बघायच्या, आणि ती परीक्षा अगदी खरी आहे. नुसतं तूप पाण्यावर तरंगतंच, पण एवढी साखर मिसळल्यावर मिश्रण पाण्यापेक्षा जड होतं. थेंब तरंगला तर त्यात पुरेशी हवा शिरली असं समजायचं. बुडाला तर आणखी दोन मिनिटं फेसा.

साखर पिठीच हवी. तुपात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे दाणेदार साखर विरघळायला जागाच मिळत नाही आणि ती दाताखाली कचकचते. लोणी किंवा बटर वापरणार असाल तर गणित बदलतं. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि उरलेल्यात बहुतेक पाणी, म्हणून १०० ग्रॅम तुपाऐवजी १२० ते १२५ ग्रॅम बटर लागतं. त्या पाण्याने मैद्याला चिकटपणा येतो आणि खुसखुशीतपणा कमी होतो. पिवळं बटर खारट असतं, ते घेतलं तर वरचं मीठ वगळा.

कोरडं सगळं एकत्र दोनदा चाळून फेसलेल्या तुपात घाला आणि बोटांच्या टोकांनी जेमतेम गोळा करा. मळायचं नाही. पोळीच्या कणकेचा हात इथे लावला की नानकटाई कडक होते. गोळा जमत नसेल तर दुधाचा हात लावण्याऐवजी एक लहान चमचा तूप घाला. मग २५-२५ ग्रॅमचे गोळे, तळव्यावर हलके दाबून सेंटिमीटरभर जाड. कडा या वेळी थोड्या फाटल्या तर चालतं. मध्ये पिस्त्याचा काप. ट्रे वीस मिनिटं फ्रिजमध्ये. ही वीस मिनिटं गाळू नका, निदान मार्च ते ऑक्टोबर.

पूर्वी मैदा, तूप, साखर घरून घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई आणायची अशी पद्धत होती. बेकरीच्या भट्टीच्या विटा उष्णता धरून ठेवतात. आपला ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, ही पातळ पत्र्याची पेटी : दार उघडलं की आच उतरते. म्हणून वरची-खालची दोन्ही कॉइल लावून १७० अंशांवर पंधरा मिनिटं तापवायचा, ट्रे मधल्या खाचेत सरकवून १६० वर आणायचा, आणि पहिली पंधरा मिनिटं दाराला हात लावायचा नाही. एकूण १८ ते २२ मिनिटं. ओटीजीच्या बटणावरचा आकडा दहा-वीस अंशांनी चुकीचा असणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा आत टांगायचा एक साधा थर्मामीटर घेऊन ठेवा. जुन्या इमारतींत आणखी एक बघा : १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटच्या वर. तो १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावायचा, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. तासभर चालवला तरी दीड युनिटच्या आतच खर्च होतो, कारण कॉइल मध्येमध्ये बंद पडते.

वेळ झाली की वरचा रंग बघू नका, खालचा बघा. उलथन्याने एक हळूच उचलायची. तळ फिक्या बदामी रंगाचा झाला की काढायची. त्या वेळी ती मऊच लागते, बोटाने दाबली तर दबते. इथेच बरेच जण घाबरून आणखी पाच मिनिटं ठेवतात, आणि थंड झाल्यावर हातात दगड येतो. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर. गरम असताना उचलली तर भुगा होतो. दुसरी खेप गरम ट्रेवर कधीच मांडू नका, तूप तिथेच सुटायला लागतं. ट्रे नळाखाली धरून गार करा आणि पुसून घ्या.

भेगा फार खोल गेल्या तर पीठ कोरडं होतं किंवा आच जास्त होती. अजिबात गेल्या नाहीत तर बेकिंग पावडर मेली असेल. एक चमचा पावडर गरम पाण्यात टाका, खळखळून फेस आला नाही तर डबी बदला. पावसाळ्यात ती दमट हवेने लवकर निकामी होते. सोडा वाढवून भरपाई करू नका, साबणासारखी चव येते आणि रंगही काळवंडतो. खालून करपून मध्ये कच्ची राहत असेल तर ट्रे खालच्या कॉइलच्या फार जवळ आहे. कच्च्या बेसनाचा वास राहत असेल तर बेसन आधी मंद आचेवर दोन मिनिटं कोरडं परतून पूर्ण गार करा.

मैदा पावसाळ्यात अर्धा किलोच आणावा, पाच किलो स्वस्त पडतो म्हणून नको, जाळी धरते. वेलची आणि पिस्ते वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमध्ये किंवा ठाण्यात जांभळी नाक्याला ताजे मिळतात. वेलची अख्खीच घ्या आणि त्याच दिवशी कुटा. तयार पूड वासाला अर्धीही नसते.

खाडीकाठच्या जुलैत नानकटाई ओट्यावर उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत सादळते. पावसाळ्यात ती हाताला गार लागली की, म्हणजे साधारण पाऊण तासात, लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट असताना मात्र नाही, झाकणाला वाफ धरते. तळाला टिश्यू पेपर, आणि एका मोठ्या डब्याऐवजी दोन लहान, म्हणजे रोजच्या चहाला उघडायचा डबा एकच राहतो. कोरड्या दिवसांत पंधरा दिवस टिकते, पावसाळ्यात आठवडाभरात संपवावी. सादळलीच तर टाकू नका : १३० अंशांवर सात-आठ मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार. पुन्हा तोंडात विरघळते.