पुन्हा पहिल्यापासून

मंगळवार, रात्री उशिरा

"आप यहाँ कब से हैं?" साहेबांनी विचारलं.

देवळालीच्या लष्करी छावणीचे हे मोठे साहेब नवे आहेत. बाजारातल्या दुकानदारांना ओळख करून घ्यायला बोलावलं होतं. एकेकाचं नाव, दुकान, अडचण विचारत ते पुढे सरकत होते आणि शेजारी एक कॅप्टन लिहून घेत होता. मी म्हटलं, "जनम से, सर." ते हसले, म्हणाले, "फिर तो आप हमें सिखाएँगी," आणि पुढच्याकडे वळले. प्रश्नात वावगं काही नव्हतं. माणूसही चांगला वाटला, समोरचा बोलताना पुढे वाकून ऐकणारा. तरी घरी आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. आईने दोनदा विचारलं, काय झालं गं. काय सांगू तिला? काही झालंच नाही.

हाच प्रश्न मला आधीच्या साहेबांनी विचारला होता. त्यांच्या आधीच्यांनीही. आमच्या गणवेश शिवण्याच्या दुकानात मशीनवर माझे वडील, आबा, बसायचे तेव्हा त्यांना विचारला जायचा, आणि आबा दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगायचे: फाळणीनंतर तोफखान्याची शाळा आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून देवळालीला आली, त्याच दिवसांत माझ्या वडिलांनी या बाजारात मशीन टाकलं, शाळा आणि आमचं दुकान एका वयाचं. ऐकणाऱ्याला चहा यायचा. साहेब खूश, आबा खूश. आज मला ते सांगावंसंच वाटलं नाही. घशाशी आलं आणि थांबलं. वाटलं, सांगून काय करायचं, दोन वर्षांनी हे जाणार आणि पुढचे येऊन पुन्हा विचारणार, कब से हैं.

तीन पिढ्या आम्ही इथे. त्यांच्या लेखी आमचं वय मात्र त्यांच्या पोस्टिंगएवढं.

रस्त्यावर पहाऱ्याला कोण उभं आहे यावर आपली ओळख ठरते, हे लहानपणापासून अंगवळणी पडलंय. खंडोबाच्या टेकडीवर जाताना कोणी अडवलं नाही तर जुना माणूस, अडवलं तर नवा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज का वाटावं? आबा नाहीत म्हणून असेल. तो विषय आता नको.

बैठकीत आणखी एक गोष्ट खटकली. साहेबांच्या खांद्याला लॅनयार्ड, म्हणजे रेजिमेंटची ओळख सांगणारी विणलेली दोरी, नव्हता. नसणारच. 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि वरच्यांचा गणवेश सगळ्यांचा एकच झाला: टोपी, खांद्यावरचे बिल्ले, कॉलरवरच्या पट्ट्या, बकल, बूट, सगळं सारखं, आणि लॅनयार्ड बंद. कारण मला पटतं. त्या हुद्द्यावर हाताखाली सगळ्या रेजिमेंटची माणसं असतात, मग साहेब अमक्या रेजिमेंटचे आणि तमक्यांचे नाहीत, असं दिसू नये. पण आबा दोरी आणि टोपी बघून दारातच ओळखायचे, कोण तोफखान्याचा, कोण पायदळाचा, आणि त्यावरून बोलणं सुरू व्हायचं. लॅनयार्डचा गोफ विणण्यात त्यांचा हात होता. आज मी त्या खांद्याकडे बघत बसले आणि मला बोलायला सुरुवातच सापडली नाही.

कॉम्बॅटचं, म्हणजे लढाईच्या गणवेशाचं, कापडही गेलं आमच्या हातून. 2022 च्या आर्मी डेला नवा डिजिटल ठिपक्यांचा गणवेश दाखवला, तेव्हा टीव्हीसमोर मी आणि कारागीर दोघंही कापड कसं पडतंय ते बघत होतो, कॉलर कुठे, खिसे कुठे, शर्ट बाहेर सोडायचा की आत. मग कळलं की नमुन्याची नोंदणी झाली, बाजारात विकायचा नाही, शिवायचाही नाही. यावर मी कधी कुरकुर केलेली नाही आणि आजही करत नाही. जानेवारी 2016 ला पठाणकोटच्या हवाई तळात जे अतिरेकी शिरले ते लष्करी कपड्यांतच होते. तो कपडा कोणालाही कुठेही मिळत होता, आमच्यासारख्याच कुठल्या तरी बाजारात मिळत होता. हे कळल्यावर आबा रात्रभर झोपले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून वही घातली: नाव, युनिट, ओळखपत्र, काय शिवलं. कोणी सांगितलं नव्हतं. ज्या पोरांना ते बेटा म्हणायचे त्यांच्याकडे कार्ड मागायला लागले. पोरंही निमूट दाखवायची.

ती वही मी आजही ठेवते. नवीन साहेबांना हे सांगायला हवं होतं, सुरक्षेचा विषय निघाला तेव्हा. ते म्हणाले, आप लोगों का सहयोग चाहिए. मला म्हणायचं होतं की सहयोग चालूच आहे, साहेब, तुम्ही यायच्या आधीपासून. तेवढ्यात शेजारच्या दुकानदारांनी पार्किंगचा विषय काढला.

छावणीचा कारभार बघणाऱ्या कॅन्टोन्मेंट बोर्डाचं तर विचारूच नये. 2023 च्या एप्रिलात निवडणूक होणार म्हणून गल्लीगल्लीत फलक लागले होते, मार्चमध्ये सगळं रद्द. आमच्या वतीने बोलायला नेमलेला एकच माणूस, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत पुन्हा साहेबच. म्हणजे तोफांची जबाबदारी त्यांच्यावर, कोर्सला येणाऱ्या शेकडो पोरांची त्यांच्यावर, आणि मागच्या गल्लीत पावसाळ्यात तुंबणाऱ्या गटाराचीही त्यांच्यावरच. महिन्याभरापूर्वी ते देशाच्या दुसऱ्या टोकाला होते, आमचं गटार त्यांना कुठून माहीत असणार. छावणीतल्या नागरी वस्तीच्या विलीनीकरणाचं कोणी म्हणतं महापालिकेत जाणार, कोणी म्हणतं भगूर जोडून वेगळी नगरपालिका. झालं तर आमचा आणि त्यांचा तेवढाही संबंध उरणार नाही. लोकांना तेच हवंय, कर्ज मिळेल, बांधकामाची परवानगी मिळेल. मलाही घराचा वरचा मजला करायचाय. तरी जीव कुठेतरी अडतो.

पण मूळ बोचणी ही नाही. लिहिता लिहिता हाताला लागतंय. साहेब बदलतात याचं दुःख मला नाहीच.

2025 चा मे आठवतोय. पहलगामच्या हल्ल्यानंतरचे दिवस. 7 तारखेच्या मॉक ड्रिलच्या यादीत नाशिक होतं, सायरन वाजणार म्हणून शाळेतली मुलं उत्साहात, आणि इकडे दुकानात एकामागून एक पोरं. एका हवालदाराच्या शर्टाला एकच बाही जोडून झाली होती. "जैसा है वैसा दे दो, दीदी." मी म्हटलं अर्धा तास थांबा, तो थांबला, उभा राहूनच. रात्री शटर अर्धं खाली ओढलं तरी येत होते. "हिसाब कर दो." कोणाची नावपट्टी, कोणाची पँट आत घेतलेली, ऐंशी रुपये, दीडशे रुपये. उधारीची पानंच्या पानं त्या दोन रात्रींत भरली गेली. कोणाला कुठे जायचं होतं, कोणाला नुसतं परत बोलावलं होतं, मी विचारलं नाही. कॅम्पच्या बाजारात ते विचारत नाहीत. कुठे चाललात, किती जण, कधी परत, हे तीन प्रश्न आमच्या दुकानात आजोबांपासून बंद आहेत. आबा म्हणायचे, शिवणकाम कोणीही शिकेल, हे शिकायला वेळ लागतो. त्यांतल्या एकाचे राहिलेले पैसे जूनमध्ये यूपीआयवर आले. नाव बघून मी कितीतरी वेळ मोबाइल हातातच धरून होते. म्हणजे आहे, बरा आहे.

फौजेची तयारी म्हटलं की लोकांना ‘तोपची’ हा तोफखान्याचा सराव आठवतो. जानेवारीत पाहुण्यांसमोर वज्र, धनुष या तोफा आणि पिनाका रॉकेटं धडाडतात, घराच्या काचा थरथरतात. मीही लहानपणापासून बघत आलेय, छाती भरून येते. पण माझ्या मते तयारी मी त्या दोन रात्रींत बघितली. कोणाचं काही देणं न ठेवता घटकेत निघता येणं. ज्यांनी असंच जगायचं ठरवलंय त्यांनी इथे रुतून बसावं असं मी कशी म्हणू? आता अग्निवीर तर चारच वर्षांसाठी येतात, त्यांतल्या चारातल्या एकालाच पुढे ठेवणार. त्यांचं जाणं तर येण्याआधीच ठरलेलं. ऑक्टोबर 2024 ला सरावात गोळा फुटून दोन अग्निवीरांचा जीव गेला तेव्हा त्या दिवशी बाजारात कोणी रेडिओसुद्धा लावला नव्हता. आम्हाला बातमी मात्र टीव्हीवरूनच कळली. असो.

माणसं जाणारच. मग बोचतंय काय, तर माणसाबरोबर आमची माहितीही जाते. आधीच्या साहेबांच्या वेळी एका मेजरनी व्हॉट्सॲपवर गट केला होता. बाजारातले दोघं-तिघं, शाळेच्या बाई, दवाखान्यातले एक डॉक्टर. उद्या फायरिंग आहे, अमुक वेळेत आवाज होईल. परवा हा रस्ता सकाळी बंद, मुलांच्या रिक्षा दुसरीकडून काढा. एवढंच असायचं त्यात. पण शाळेच्या बाई परीक्षेची वेळ त्यावरून लावायच्या, आणि शेजारच्या आजी, ज्यांना आवाजाने धडकी भरते, त्यांच्या सुनेला मी आदल्या रात्री सांगून ठेवायचे. मेजर बदलून गेले. जाताना सगळ्यांना नमस्कार लिहिला आणि गटातून बाहेर पडले. त्यानंतर त्यात एकही ओळ आलेली नाही. परवा सकाळी धमाके सुरू झाले तेव्हा आजी बाथरूममध्ये होत्या. पडल्या नाहीत, भिंत धरली म्हणून वाचल्या.

आणि फौज म्हणजे कशाचाही चार्ज दिल्याघेतल्याशिवाय हलत नाही. हत्यार, दारूगोळा, गाड्या, घोंगड्या, मेसमधल्या खुर्च्या, काटेचमचे, सगळ्याची यादी, सगळ्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. त्या यादीत आम्ही कुठेच नाही. कोणत्या गल्लीत कोण आजारी असतं, कोणता रस्ता शाळेच्या वेळेला बंद करू नये, वही कोण ठेवतं, अडीअडचणीला रात्री कोणाचं शटर वाजवायचं. मेच्या त्या दोन रात्रींत हे सगळं उपयोगी पडलं होतं. तेही कोणाच्या तरी चार्जमध्ये असायला हवं. मला मान नको, समारंभाची पत्रिका नको. या यादीत एक ओळ हवी.

हे लिहिलं आणि जरा मोकळं वाटलं. आई झोपली.

मघापासून मी त्यांच्यावर रुसून बसलेय, आणि ते बिचारे पुढे वाकून ऐकत होते. ते म्हणालेही, आप हमें सिखाएँगी. मी ते बोलणं म्हणून सोडून दिलं, कदाचित ते खरंच म्हणत असतील. आबांनी आयुष्यभर तेच केलं. येईल त्याला पहिल्यापासून सांगायचं, कंटाळा न करता. मी समजत होते की त्यांना गप्पांची हौस आहे. ते चार्ज देत होते.

माझ्याच्याने दर दोन वर्षांनी तसं रंगवून सांगणं होणार नाही, माझा तो स्वभाव नाही. पण लिहिता येतं. उद्या दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा एक कागद करायचा. फायरिंगच्या वेळा कोणाकोणाला कळवायच्या, नंबरांसकट. शाळा सुटण्याची वेळ आणि त्या वेळी कोणता रस्ता लागतो. गटाराचा नकाशा, कारागिराचा मुलगा काढून देईल. ओळखपत्राची वही कोणत्या दुकानांत आहे, कोणत्यांत अजून नाही. आजींचं घर. शाळेच्या बाईंना आणि डॉक्टरांना विचारून त्यांचं काही असेल ते घालायचं. खाली देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही, अशा दोन जागा सोडायच्या. परवा त्या कॅप्टनकडे नेऊन द्यायचा, पोच घ्यायची.

दोन प्रती काढायच्या. एक माझ्याकडे राहील, पुढच्या साहेबांना लागेल.