समृद्धी असताना मद्रासला कशाला जाता? तुम्ही विचारलंत म्हणून

"भाऊ, नागपुरातूनच समृद्धी सुरू होते. तिथे पळवा ना गाडी, त्यासाठी मद्रासले काहून जाता?" लग्नात, आरटीओच्या रांगेत, पेट्रोल पंपावर, सगळीकडे हेच. आणि त्याला जोडून, "जायचंच तर ही वीस वर्षांपूर्वीची होंडा सिटी कशाला?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच नीट सांगतो. आम्ही काही जण आपापल्या जुन्या गाड्या घेऊन मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टैला ट्रॅक डेला जातो, म्हणजे शर्यत न लावता आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायला.

समृद्धीचं आधी मिटवू. ७०१ किलोमीटरचा रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा. ती मोडून तरी हाती काय लागतं? सरळ रस्त्यावर उजवा पाय दाबून ठेवायला काही शिकावं लागत नाही. ट्रॅक डेला माणूस जातो तो ब्रेक आणि वळणासाठी. ब्रेक कुठे लावायचा, किती जोरात, आणि तो सोडता सोडता स्टिअरिंग किती वळवायचं. हे प्रयोग हमरस्त्यावर केले तर आपल्या चुकीचे पैसे मागून येणारा ट्रकवाला भरणार. इरुंगट्टुकोट्टैच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, वळणावळणाला मार्शल झेंडे घेऊन उभे असतात, ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ भागात, तेही पुढच्याने हात दाखवला तरच. जुन्या सिटीचा तिथला सर्वाधिक वेग ऐकलात तर तुम्ही नाक मुरडाल.

दिल्लीकडचं बुद्ध सर्किट नागपूरहून जवळपास तेवढंच लांब, दोन्हीकडे हजार-अकराशे किलोमीटर. झिरो माइलच्या गावात राहण्याचा एवढाच फायदा. पण ग्रेटर नोएडा एनसीआरमध्ये येतं आणि तिथे १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीवर कायम बंदीची टांगती तलवार. म्हणून दक्षिण. बुटीबोरी, हिंगणघाट, आदिलाबाद, हैदराबाद आणि पुढे. जमलं तर गाडी कॅरिअरवर चढवायची, नाहीतर चालवत न्यायची. चालवत नेलेल्या माणसाला परत चालवतच यायचं असतं, त्यामुळे तो ट्रॅकवर जरा शहाण्यासारखा वागतो.

जुनीच का, तर दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, १०६ हॉर्सपॉवर, वजन हजार-अकराशे किलो आणि घसरती गाडी आपोआप सावरणारं ईएसपी नाही. टायर सरकायला लागला की ते सीटमधून कळतं, कंप्युटर मध्ये पडून निस्तरत नाही. १४ इंची टायर नव्या टर्बो गाडीच्या १७ इंचीपेक्षा खूप स्वस्त. पॅड, होज, बेअरिंग अजून मिळतात आणि जे मिळत नाही ते हिंगणा एमआयडीसीत लेथवर करून घेता येतं. पालिओ १.६, लान्सर, एस्टीम याच हिशेबाने येतात. यांना स्पोर्ट्स कार म्हणायचं का, हा वाद माझ्याशी घालू नका. आपल्याकडची दोन सीटची सॅन स्टॉर्म दिसायला पक्की स्पोर्ट्स कार होती आणि आत इंजिन ६० हॉर्सपॉवरचं.

आता ते. "तुमच्यातल्या एकाचे ब्रेक फेल झाले म्हणे" असं आवाज खाली आणून तुम्ही विचारता.

झाले. आमच्यातल्याच एकाची सिटी. पॅड नवे, डिस्कचं फेसिंग केलेलं, टायर दोन वर्षांचे. नागपुरातल्या एका गॅरेजच्या बिलावर "ब्रेक ऑइल बदली" स्पष्ट लिहिलेलं. पहिलं सेशन व्यवस्थित गेलं. दुसऱ्यात पेडल नेहमीपेक्षा थोडं खाली जायला लागलं. नवे पॅड बसताहेत, असं तो म्हणाला. तिसऱ्या सेशनमध्ये मुख्य स्ट्रेट संपताना पेडल फरशीला टेकलं. त्याने दोनदा पंप केलं, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला आणली, पण तोवर गाडी वाळूत गेली होती आणि तिथून टायरच्या भिंतीत. त्याला छातीवर बेल्टचा वळ, बाकी काही नाही. गाडीचा पुढचा चासिस मेंबर वाकला.

संध्याकाळी गाडी जॅकवर घेतली. वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल फिकट पिवळं, अगदी नवं. पुढच्या डाव्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निप्पलला, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून दहाच्या रिंग पान्याने पाव वळसा सैल केला, तर आतून निघालं चहाच्या रंगाचं. म्हणजे कोणीतरी डबीतलं जुनं पिचकारीने ओढून काढलं, नवं ओतलं आणि बिल केलं. डबीत भरलेलं नवं ऑइल आपोआप कॅलिपरपर्यंत जात नाही, ते प्रत्येक चाकाच्या निप्पलमधून जुनं बाहेर काढूनच न्यावं लागतं.

आकडे बघा म्हणजे कळेल. अकराशे किलोची गाडी १४० वरून ६० वर आणली की ब्रेकमध्ये सुमारे ६८० किलोज्यूल उष्णता जाते. घरातल्या साध्या दोन लिटर पाण्याला उकळी आणून वर थोडी उरेल एवढी. एका वळणासाठी. त्यातली बहुतेक पुढच्या दोन डिस्कवर, आणि असं प्रत्येक लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक फेरीला, पंधरा-वीस मिनिटं. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की ही मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातं. पॅड तापून निकामी झाले तर उलट होतं. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही. पहिल्यात पंप केल्यावर थोडं काही मिळतं, दुसऱ्यात नाही. हा फरक पाठ असावा.

बदलायची रीत अशी. लिटरभर ब्रेक ऑइल घ्या, शक्यतो ३०० अंशांवर उकळणारं रेसिंगचं. सिलिकॉनचं डॉट ५ अजिबात नको. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असेल तोच. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करायचा, आणि पेडल वर येण्याआधी घट्ट करायचा. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरून सगळं पुन्हा पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पेडल शेवटपर्यंत जात नाही, त्यामुळे पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरच्या त्या टोकाला गंज धरलेला असतो. पेडल फरशीपर्यंत दाबलंत की रबरी सील त्या गंजावर घासून फाटतं. चांगला ब्रेक असा दुरुस्तीतच गेलेला बऱ्याच जणांनी पाहिलाय.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो की ट्रॅक रस्त्यापेक्षा सुरक्षित. आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. ते चहाच्या रंगाचं ऑइल नागपूरच्या रिंग रोडवर कधीच उकळलं नसतं. मग धोका ट्रॅकने उघडा पाडला की तयार केला? पूर्वीचा मी लगेच म्हणेल, चार माणसं आणि सामान भरून चिखलदऱ्याचा घाट उतरताना हेच झालं असतं तर? मान्य. पण चिखलदऱ्याला १४० वरून ब्रेक कोण लावतो? आणि ट्रॅकमुळे माणूस रस्त्यावर चांगलं चालवतो, हे माझं दुसरं आवडतं वाक्य. काही जण चालवतात. काही जण परतीच्या वाटेवर आदिलाबादच्या पुढे असे सुटतात की शेजारी बसवत नाही.

विम्याचंही सांगून टाकतो. खासगी मोटारीच्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, असं आम्ही एकमेकांना कितीही समजावलं तरी क्लेमची आशा धरून कोणी जाऊ नये. त्या सिटीच्या दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. सगळा खर्च त्याच्या खिशातून.

"आम्ही येऊ का?" या. पण डिझेल एसयूव्ही घरी ठेवा. वजन जास्त, उंची जास्त, चार लॅपमध्ये पॅडचा धूर निघतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर आणू नका. हवा थंड टायरमध्ये २८ ठेवा, गरम होऊन ती ३४ च्या आसपास जाते. रस्त्यासारखी ३२ भरून उतरलात की तिसऱ्या लॅपपासून वळणात गाडी बाहेर बाहेर पळते आणि तुम्ही सस्पेन्शनला शिव्या देता. चाकाचे नट टॉर्क रेंचने, होंडाला १०८ न्यूटन मीटर, आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासा. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कारण लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि पंपाला हवा लागते. प्रेशरचा दिवा वळणात क्षणभर जरी लुकलुकला तरी आत या. रेडिएटरची कॅप नवी घाला. काही शे रुपयांची वस्तू आहे, पण ती प्रेशर धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं. मॅट आणि पाण्याच्या बाटल्या गाडीबाहेर. बाटली घरंगळून पेडलखाली गेली तर नवं ऑइलही कामाचं नाही.

शेवटची लॅप ब्रेक न लावता, हळू. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेला ड्रम थंड होताना धरून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि बॉनेट उघडा.