निपाणीच्या वखारीतली चारदारी हेराल्ड

निपाणीला मी आजवर शंभरदा तरी गेलो असेन, पण टेप, ओळंबा, खडू आणि पुठ्ठ्याचे तुकडे पिशवीत घालून गेलो तो गेल्या हिवाळ्यातला पहिलाच प्रसंग. तिथल्या एका जुन्या तंबाखू व्यापाऱ्यांच्या वखारीत स्टँडर्ड हेराल्ड ही जुनी मोटार उभी असून तिला चार दारे आहेत, एवढीच बातमी माझ्या कानावर आली होती. प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या बांधण्याचा छंद ज्याला नाही, त्याला या चार दारांचे एवढे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या घरीही तेच वाटले.

गोष्ट अशी की, जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रेखनकाराने घडवलेली ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली इंग्लंडमध्ये बाजारात आली आणि तिकडे ती अखेरपर्यंत दोनच दारांची राहिली. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने तीच गाडी आपल्याकडे विकायला सुरुवात केली, आणि पुढे त्याच दशकात तिला मागची दोन दारे बसवून चारदारी केली. मागच्या सीटवर आजी-आजोबांना बसवताना पुढची सीट दुमडून त्यांना वाकायला लावणे आपल्या घरांत चालणारे नव्हते, हे ते कारखानदार ओळखून होते. एअरफिक्सने हेराल्डचे बत्तिसास एक प्रमाणातले किट काढले होते, पण तेही दोनदारीचे. चारदारीचे किट मला कोणत्याही यादीत सापडले नाही. म्हणजे ती हवी असेल तर मूळ गाडी मोजून स्वतः बांधणे एवढाच मार्ग उरतो.

बेळगावच्या टिळकवाडीतून सहाला निघालो. काकतीपर्यंत अंधारच होता, वंटमुरीच्या घाटात उजाडले आणि संकेश्वरला हिरण्यकेशीचा पूल ओलांडून चहासाठी थांबलो तेव्हा उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती. तवंदी घाट उतरताना माझ्या मनात आले की, हा रस्ता चौपदरी होण्यापूर्वी ९४८ सीसीच्या इंजिनाची ती गाडी सगळे कुटुंब आणि सामान घेऊन हाच घाट चढत असेल तेव्हा कितव्या गिअरमध्ये चढत असेल. पाऊणशे किलोमीटरचा प्रवास, त्यात सांगण्यासारखे एवढेच.

वखारीचे दार उघडताच तंबाखूच्या खाटाने मला सलग पाच-सहा शिंका आल्या. व्यापारी काका हसले आणि म्हणाले, "पैल्यांदा येणाऱ्याला हे चुकत न्हाई. मोजा की निवांत, गाडी कुठं पळून जातीया?" गाडी फिकट निळी, चारही टायर बसलेले, टपावर बोटभर तपकिरी धूळ, आणि पुढे म्हैसूर राज्याच्या काळातली 'एमवाय' अक्षरांनी सुरू होणारी नंबरपाटी. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले. पाटी मात्र तशीच राहिली.

मोजणीची माझी पद्धत साधी आहे. गाडीच्या प्रत्येक महत्त्वाच्या टोकावरून ओळंबा सोडायचा, तो जमिनीला टेकेल तिथे खडूने खूण करायची आणि मग गाडीला हात न लावता खुणांमधली अंतरे मोजायची. कारण वक्र पत्र्यावर टेप धरला की तो पत्र्याची लांबी सांगतो, गाडीची नव्हे. काचेचा बाक पुठ्ठा कातरून घ्यायचा. फोटो मात्र लांबून, लेन्स ओढून काढायचे. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगते आणि शेपूट आक्रसते, आणि त्या फोटोवरून बांधलेले मॉडेल कितीही कष्ट घेतले तरी सुजलेलेच दिसते. माझ्या कपाटात अशी एक सुजलेली फियाट आहे.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर टेपवर साडेएक्याण्णव इंच भरले. इंग्लंडमधल्या दोनदारीचेही नेमके तेवढेच, म्हणजे २३२४ मिलिमीटर. चोवीसाने भागले की ९६.८ येतात. मी चोवीसास एक हेच प्रमाण धरतो, कारण त्यात एका फुटाचा बरोबर अर्धा इंच होतो आणि इंचांत आखलेल्या जुन्या गाड्यांचा हिशेब तोंडी सुटतो. अमेरिकन किटे बहुधा पंचविसास एक असतात. फरक अवघा चार टक्क्यांचा, पण दोन्ही गाड्या फळीवर शेजारी ठेवल्या की एक दुसरीच्या धाकट्या भावाचा सदरा घातल्यासारखी दिसते.

अंतर तेच आणि दारे दुप्पट, याचा अर्थ पुढचे दार आखूड करून, मधे खांब उभा करून, उरलेल्या जागेत मागचे दार बसवलेले. हे मोजताना मला जी गंमत वाटली ती काकांना समजावून सांगायला अर्धा तास लागला. हेराल्डच्या जन्माच्या वेळी बहुतेक नव्या गाड्यांचा सांगाडा आणि अंग एकजीव होऊ लागले होते; पण एवढा मोठा पत्रा एकसंध दाबून देणारा पुरवठादार प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेल्यामुळे इंग्लंडमधल्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने वेगळी चासी ठेवली आणि तिच्यावर अंगाचे तुकडे बोल्टांनी जोडले. गाडीचे सुटे भाग पेट्यांत भरून दूरदेशी पाठवणे आणि तिथे जोडणे त्यामुळे सोपे गेले. म्हणजे ही गाडी मुळातच एक किट आहे, आणि मद्रासच्या कारागिरांनी तिच्यात जे केले त्याला आम्ही छंदवाले किट बॅशिंग म्हणतो, म्हणजे तयार किटचे भाग कापून-जोडून त्यातून वेगळीच गाडी करणे. मी प्लॅस्टिकवर करणार होतो ते त्यांनी खऱ्या पत्र्यावर आधीच करून ठेवले होते.

बॉनेट उघडताना काकांनी स्वतः हात लावला. या गाडीचे मडगार्ड, दिवे आणि बॉनेट मिळून सगळे तोंडच पुढच्या बाजूला उलटते, आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे होते. "मेस्त्री टायरवर बसून काम करायचा," काका म्हणाले.

निघण्यापूर्वी मागचे चाक पाहायचे म्हणून आम्ही जॅक लावला आणि दोन्ही चाके खालून आत वळली, एखाद्याने बसल्याजागी पाय जवळ घ्यावेत तशी. मागे आडवे पाटे आणि दोन्ही बाजूंना झुलणारे अर्धे ॲक्सल, त्यामुळे असे होते. गाडी रिकामी असेल तर चाके आत झुकतात, माणसे बसली की पाय फाकतात. आपल्याकडच्या मालकांना आणि मेस्त्रींना ही रचना मानवली नाही, म्हणून १९७२ साली आलेल्या गझेल या पुढच्या गाडीला कंपनीने साधा सरळ ॲक्सल दिला. इथून इचलकरंजी जवळच असल्याने शंकरराव कुलकर्णींच्या मीरा या छोट्या गाडीचा विषय निघाला, आणि १९४९ साली पहिली मीरा बांधणाऱ्या त्या माणसाबद्दल काका इतके रंगून बोलले की जेवायलाच थांबावे लागले.

दुसऱ्या दिवशी बेळगावात उद्यमबागेतल्या ओळखीच्या टर्नरकडे गेलो. हेराल्डची रिम १३ इंचांची, म्हणजे चोवीसास एकमध्ये पावणेचौदा मिलिमीटरची. पंपांचे भाग कातणाऱ्या लेथवर ॲल्युमिनियमच्या चार रिमा कातायच्या म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. "पाच करतो," तो शेवटी म्हणाला, "स्टेपनी नको काय ओ?" मी स्टेपनी साफ विसरलो होतो.

दारे आता कापून झाली आहेत, पुट्टी घासून प्राइमरचा पहिला हातही दिला आहे. मागची चाके मी रिकाम्या गाडीसारखी किंचित आत झुकवून बसवली होती, कारण पाहिली तेव्हा ती तशीच होती. फोटो पाठवला तर रात्री काकांचा फोन आला. "चाकं बदला," ते म्हणाले. "आमची गाडी कधी रिकामी फिरली न्हाई. आई, आण्णा, आम्ही चौघं भावंडं, आन् डिकीत ज्योतिबाला न्यायचं सामान." डिंक अजून पक्का धरलेला नव्हता. दोन्ही चाके सोडवून, खालून बाहेर फाकवून, मी ती पुन्हा चिकटवली.