तुम्ही विचारलंत म्हणून: रवांडाहून मध्येच परत का आले?

"बाई, तुम्ही तिकडून मध्येच का परत आलात हो?" शिक्षण परिषदेला पाहुणी म्हणून गेले, कुणाच्या लग्नाला गेले, की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या सुरावरून त्याला कोणतं उत्तर हवंय तेही कळतं. काहींना वाटतं मी घाबरले, काहींना वाटतं शहाणपणा केला. निर्णय माझा नव्हताच, हे ऐकून दोघांचीही निराशा होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून रवांडाच्या दक्षिणेला, न्यामागाबे जिल्ह्यात गेले होते. काम प्राथमिक शिक्षकांबरोबर. रवांडाने २००८ साली फ्रेंच बाजूला ठेवून इंग्रजी माध्यम आणायचं ठरवलं. जे शिक्षक स्वतः फ्रेंचमधून शिकले होते, त्यांच्यावर इंग्रजीतून गणित शिकवायची वेळ आली. आपल्याकडे सेमी इंग्रजी आलं तेव्हा आमची जी त्रेधा उडाली होती तीच ही, त्यामुळे मला तिथं फारसं परकं वाटलं नाही. शाळा दोन पाळ्यांत भरायच्या, एकेका वर्गात मुलं दाटीवाटीने बसायची. शैक्षणिक साहित्य आम्ही तांदळाच्या रिकाम्या पोत्यांवर रंगवायचो. पोतं उसवून सपाट करायचं आणि त्यावर शतक-दशक-एकक काढायचं. भिजलं तरी वाळतं, फाटत नाही, गुंडाळून काखेत मारता येतं. तपासणीच्या आदल्या रात्री कार्डशीट लॅमिनेट करत बसणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर शिकावं.

१४ मार्च २०२० ला रवांडात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. तो भारतीय होता, ८ मार्चला मुंबईहून आलेला. आमच्या बाजारात दुसरं भारतीय तोंड नव्हतं. बटाटे घेत होते तर मागून हाक आली, "कोरोना!" पोरंच होती. माझ्याबरोबरची शिक्षिका त्यांच्यावर खेकसली आणि मग मला म्हणाली, "थोडे दिवस तुमचा बाजार मीच आणते." ती प्रेमानेच म्हणाली. पण मी मदतीला आलेली बाई, आणि आता माझी भाजी तिने आणायची!

१६ मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि संस्थेचा मेल आला, सामान बांधा. कारण साधं होतं. स्वयंसेवक गंभीर आजारी पडला तर त्याला विमानाने हलवू, या हमीवर अशा संस्था माणसं पाठवतात. विमानतळच बंद होणार असेल तर ती हमी कागदावरच राहते. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक संस्थेने १५ मार्चला साठाहून जास्त देशांतल्या आपल्या जवळपास ७,००० स्वयंसेवकांना माघारी बोलावलं. १९६१ साली स्थापन झाल्यापासून सगळ्यांना एकदम बोलावण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. रवांडाने २० मार्चच्या मध्यरात्रीपासून प्रवासी विमानं थांबवायचं जाहीर केलं, भारताने २२ मार्चपासून. त्याआधीच मी अदिस अबाबामार्गे मुंबईला पोचले.

निरोप धड झाला नाही. रवांडात निरोप घ्यायचा म्हणजे गळाभेट आणि वर हस्तांदोलन. त्या आठवड्यात दोन्ही बंद. बसथांब्यावर त्या शिक्षिकेने आणि मी कोपराला कोपर लावला आणि हसू आलं म्हणून बरं झालं.

मुंबई विमानतळावर डाव्या हातावर शिक्का बसला, पुसला न जाणाऱ्या शाईचा: चौदा दिवस घरात. असाच शिक्का पाहून काही प्रवाशांना पालघरला गरीबरथमधून उतरवलं होतं, म्हणून भाचा गाडी घेऊन आला आणि आम्ही थेट कऱ्हाड गाठलं. आशाताई रोज फाटकाबाहेरून ताप विचारून जायच्या. शेजारच्या वहिनी डबा कठड्यावर ठेवायच्या. दूधवाला मात्र फिरकला नाही. तिकडे मी मुंबईहून आलेल्या रोगाची गाववाली होते, इकडे आफ्रिकेतून रोग घेऊन आलेली झाले.

"थांबला असता तर?" हा पुढचा प्रश्न. २१ मार्चच्या रात्री तिथे टाळेबंदी लागली, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला बंदी. शाळा उघडायला लागल्या त्या नोव्हेंबरमध्ये, टप्प्याटप्प्याने. तोवर मी खोलीत बसून असते आणि माझं दाणापाणी सहकाऱ्यांनी पाहिलं असतं. त्यात सेवा झाली असती ती माझीच. म्हणून परत आल्याचं मला वाईट वाटत नाही.

बोचतं ते वेगळंच. मला एक मेल आला आणि विमानात जागा मिळाली. रोज माझ्यासोबत शाळेची चढण चढणाऱ्या त्या शिक्षिकेला असा मेल कोण पाठवणार होतं? तिचं घर तिथेच, सासू तिथेच, पोरं तिथेच. तिने हा विषय कधी काढला नाही, मीही नाही. आमचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि बहुतेक गणिताबद्दलच. रेडिओवर धडे सुरू झाले तेव्हा तिने कळवलं, की मुलं ऐकतात, पण फळा कुठाय? शाळा उघडल्यावर तिने एका तक्त्याचा फोटो पाठवला. माझ्या आराखड्यातली निम्मी चित्रं काढून तिने तिथे कणसं आणि रताळी घातली होती. माझ्यापेक्षा चांगला झालाय.

"आफ्रिकेत कसल्या सोयी असणार" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की आपल्या ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला.

हल्ली तरुण मुलं विचारतात, जावं का? अवश्य जा. मात्र करारावर सही करण्याआधी विचारून घ्या: मध्येच परत बोलावलं तर भत्ता किती दिवस मिळणार, मागे राहिलेलं सामान कोण पाठवणार, भारतात उतरल्यावर विमा चालू राहतो का. माझा भत्ता लवकरच थांबला. निवृत्तिवेतन होतं म्हणून निभावलं. नोकरी सोडून आलेली पंचविशीतली मुलं आमच्या तुकडीत होती, त्यांना तेही नव्हतं.