दिल्ली ते लेह: सव्वा तासात तीन हजार मीटर

दिल्ली ते लेह सरळ हवाई अंतर साधारण ६२० किलोमीटर. पुणे-नागपूरही जवळपास एवढंच भरतं, आणि दोन्हीकडे विमानाला लागतो सव्वा ते दीड तास. तिकीट काढताना आई म्हणाली, "म्हणजे मावशीकडे नागपूरला जाण्याइतकंच की!" अंतरापुरतं ते खरंच होतं. पण नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर, आणि लेहचा ३,२५६ मीटरवर. माझं ठाम मत आहे की लेहच्या तिकिटावर वेळेशेजारी हा आकडाही छापला पाहिजे.

लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात, कारण दुपारनंतर खोऱ्यात वारा जोर धरतो. आम्ही पहाटेच निघालो. तासाभरात मैदान, हिरवे डोंगर आणि मग नुसता बर्फ. आई खिडकीला नाक लावून बसली होती. बर्फ संपून झांस्करचे तपकिरी, उघडे डोंगर आले आणि विमान सिंधूच्या खोऱ्यात शिरलं, तेव्हा दोन्ही बाजूंना डोंगर आमच्याहून उंच होते. मे १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाचे वैमानिक मेहर सिंग यांनी इथे पहिल्यांदा डाकोटा विमान उतरवलं, तेही नुकत्याच तयार केलेल्या कच्च्या धावपट्टीवर. खिडकीतून ते खोरं बघताना त्या माणसाबद्दल ऊर भरून आला.

विमानात एरवी साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तितका हवेचा दाब राखतात. पुण्याला उतरताना तो वाढत जातो. लेहला उलटं: धावपट्टीच त्याहून वर असल्यामुळे विमान खाली येताना आतली हवा आणखी विरळ होते. बाहेरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच, पण दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांश. सामानाच्या पट्ट्यापर्यंत चालतानाच आईला धाप लागली.

होमस्टेच्या बाईंनी आईकडे एकदा पाहिलं आणि वरच्या मजल्यावरची ठरलेली खोली रद्द करून तळमजल्यावरची स्वतःच्या वापरातली खोली आम्हाला दिली. "जुले, आमा-ले," म्हणजे "नमस्कार, आई," म्हणत आईचा हात धरून तिला बसवलं. दर तासाला गरम पाणी, थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप, आणि "आज बाहेर नाही, उद्याही हळूहळू" असा प्रेमळ हुकूम. इतकी माया मला कुठल्याही महागड्या हॉटेलात मिळालेली नाही.

म्हणूनच आमच्याच विमानातून आलेल्या एका सहल कंपनीचा कार्यक्रम ऐकून संताप आला. पहिल्याच दुपारी टेकडीवरचा शांती स्तूप, संध्याकाळी बाजार! त्यात सत्तरीचे आजी-आजोबा होते. डोकं दुखतं म्हणणाऱ्या आजोबांना "पैसे भरलेत ना, चला" असं सांगणं मला क्रूर वाटतं. उंचीवरचा त्रास दुर्लक्ष केलं तर जिवावर बेतू शकतो.

पुढे नुब्रा खोरं, पँगाँग सरोवर सगळं छान झालं.

आईला पुन्हा जायचंय. या वेळी श्रीनगरपर्यंतच विमान, तिथून ४३४ किलोमीटर रस्त्याने, वाटेत कारगिलला मुक्काम. कारगिल २,७०० मीटरच्या आत आहे, तिथे एक रात्र काढली की शरीराला थोडी सवय होते. वेळ जास्त जाईल, जाऊ दे. खोली त्याच बाईंकडे सांगून ठेवलीय, तळमजल्यावरची.