पोट नाही, पापण्या बघा

पावसाळ्यात पहाटे कुणी पोटदुखी घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, रात्री झोपला होतात कुठे? रायगड जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात काम करताना लागलेली सवय. त्या पहाटे तीच कामी आली.

तेरा वर्षांची मुलगी, वडिलांनी उचलूनच आणलेली. दोन उलट्या, पोटात कळा, घसा दुखतोय. "रात्रीची कोळंबी बाधली असंल," आई म्हणाली. पोट मऊ होतं, दाबून दुखत नव्हतं. झोपली होती जमिनीवर, भावंडांच्या रांगेत.

"बाळा, माझ्या बोटाकडे बघ, वर." नजर वर जाईना. पापण्या अर्ध्यावर आलेल्या. "झोप आलीय तिला, रात्रभर जागीच हाय," आई म्हणाली. पण झोपाळलेल्या पोराला हाक मारली की डोळे उघडतात. ही कपाळाला आठ्या घालून पापण्या उचलू बघत होती. उशीवरून मानही उचलेना. एका श्वासात आकडे मोजायला लावले तर अकरापर्यंत गेली, थोड्या वेळाने सातवरच दम संपला.

मला संशय आला मण्यारीचा, रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावणाऱ्या सापाचा. दंशाची खूण शोधली, मिळाली नाही. मण्यारीचे दात बारीक, दंशाला सूज नाही, दुखणंही फारसं नाही. काचेच्या नळीत ठेवलेलं रक्त 20 मिनिटांत व्यवस्थित गोठलं. एवढ्यावरून 'साप नाही' म्हणणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ती चाचणी घोणस-फुरशासाठी, त्यांचं विष रक्त गोठू देत नाही. मण्यारीचं विष नसांची टोकं धरतं. आमच्या भागात विंचूही पुष्कळ, पण विंचू चावल्यावर माणूस घामाने थबथबतो, पापण्या पडत नाहीत.

खूण नसताना एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू केलं, 10 व्हायल. मूल लहान म्हणून डोस कमी करायचा नसतो, कारण विष तेवढंच असतं. रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून उशाशी ठेवलं. औषध चालू असतानाच तिला लाळ गिळता येईना. ओठांच्या कोपऱ्यातून फेस, आवाज नाकातून. श्वास थांबायची वाट न बघता श्वासनलिकेत ट्यूब टाकली. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. वॉर्ड सहकाऱ्याच्या हवाली करून सिस्टर आणि मी 108 मध्ये बसलो आणि आळीपाळीने अ‍ॅम्बू (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचलो.

दुपारपर्यंत ती पूर्ण लुळी पडली. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, टॉर्चला दाद नाही. नातेवाइकांत रडारड सुरू झाली. मी वडिलांना बाजूला घेतलं. "दादा, एएसव्ही फिरतं विष बांधतं. नसांची जी टोकं आधीच खराब झालीत ती पुन्हा वाढायला दिवस लागतात. तोवर श्वास मशीन देणार. तिला हलता येत नाही, पण ऐकू येत असणार. तिच्याजवळ रडू नका, बोला." तिथल्या सिस्टरही सुई टोचण्याआधी, कूस बदलण्याआधी तिला सांगत. मण्यारीच्या पेशंटबाबत मी हे औषधाइतकंच महत्त्वाचं मानतो. बाहुल्या बघून मेंदू गेला असं ठरवणं इथे मुळीच चालत नाही.

तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलला, मग भुवया. आठवड्याच्या आत ट्यूब निघाली. आवाज घोगरा होता, पण बोलली.

घरी सोडताना वडिलांनी विचारलं, "पण चावला कुठं?" ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्यांना पोरांसाठी खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी एवढंच सांगितलं. महिन्याने तपासणीला आले तेव्हा मच्छरदाणी लावली होती, खाटेचे पैसे जमवत होते.