बांधावर मुद्दाम तरवड लावला, माझा अनुभव

आमची जमीन माण तालुक्यात. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, पण आमच्याकडं वर्षाला 500 मिलीमीटर पडला तरी पाऊस झाला म्हणायचं. खाली डाळिंब, थोडी वांगी, आणि बांध म्हणजे नुसता मुरूम. बांधावर काय लावू विचारलं की जो तो ग्लिरिसिडिया नाहीतर सुबाभूळ सांगतो, पण मला भुंगे-मधमाश्यांसाठी इथलंच, पाणी न मागणारं काहीतरी पाहिजे होतं, म्हणून तरवड ठरवला, माळावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप. चुलते ऐकून हसायलाच लागले, "आरं तरवड कोण लावतं व्हय? त्यो आपसूक येतुय." येतो खरं, पण जेसीबीनं बांध कोरून कोरून आता माळावर आणि रस्त्याच्या कडेलाच उरलाय.

रोप मिळेल म्हणून आधी एका नर्सरीत गेलो तर 'कॅशिया' म्हणून भलतंच झाड हातात दिलं, फुलं पिवळी तेवढीच काय ती ओळख. तरवडाची खूण साधी आहे, पानाच्या देठाच्या बुडाशी दोन रुंद गोलसर कान असतात, आणि शेंग चपटी, कागदासारखी पातळ. मग सरळ माळावरून बी आणलं. दिवाळीनंतर थंडीत शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की तोडायच्या, पण लगेच निवडून घ्या कारण शेंगेतच कीड लागते, भोक पडलेलं बी पाण्यात टाकलं की बरंचसं वर तरंगतं, ते फेकून द्यायचं.

खरी कटकट उगवणीची. या बियाचं कवच इतकं टणक की नुसतं पेरलं तर ते पडून राहतं. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं (बी उकळायचं नाही हां). सकाळी जे फुगलंय ते लगेच पेरायचं, जे तसंच टणक राहिलंय ते एका कडेला पॉलिश पेपरवर हलकं घासून परत भिजवायचं. घासलेलं बी मला जास्त भरवशाचं वाटलं, फक्त बोटं सोलटतात. पिशवी लांब घ्या, याचं मूळ सरळ खाली जातं आणि आखूड पिशवीत गोल फिरून बसतं. थोडं बी पहिल्या पावसावर बांधातच टोकलं, ती रोपं उशिरा दिसली पण पिशवीतल्यांपेक्षा दणकट निघाली, म्हणून आता पिशवीच्या भानगडीत पडणार नाही.

पाणी पहिल्या उन्हाळ्यापुरतं, ते पण अधूनमधून तांब्याभर. शेळ्या तोंड लावत नाहीत, हा सगळ्यात मोठा फायदा, कुंपण नको काय नको. पानांवर मुंग्या फिरताना दिसल्या तर औषध मारू नका, पानाच्या मधल्या दांडीवर बारीक ग्रंथी असतात, त्यातला गोड रस खायला त्या येतात. हिरव्या अळ्या पण येतात, त्यांची पुढं फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरं होतात, झाडाला काही फरक पडत नाही.

फुलं आली की जवळ उभं राहून बघा राव. या फुलात मध नसतोच, फक्त पराग, तोही पुंकेसराच्या नळीत कोंडलेला, टोकाला बारीक भोक, मिठाच्या डबीसारखं. काळा भुंगा येऊन पुंकेसर घट्ट धरतो, पंख मिटतो आणि अंगानंच जोरात थरथरतो, त्याचा उडतानाचा आवाज वेगळा आणि हा वेगळा, कान दिला की लगेच कळतं, आणि पराग सगळा त्याच्या पोटावर उडतो. मधमाशीला हे जमत नाही, ती आपली सांडलेलं गोळा करते. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलाची रचना पण अशीच, तरवडावर आलेला भुंगा तिथंही कामी येतो, म्हणून तर वांग्याशेजारी तरवड पाहिजे होता मला. भुंगा वाळक्या लाकडात घर करतो, तेव्हा बांधावरची सुकी खोडं जाळू नका, दोनचार बांबू पण टाकून ठेवा.

औषधाचं म्हणाल तर आयुर्वेदात याला आवर्तकी म्हणतात, तमिळनाडूत फुलांचा चहा करून पितात, साल पूर्वी कातडी कमवायला जायची. आमच्या घरी वाळलेली फुलं मुगाच्या पिठात दळून उटण्याला वापरतात, घामाच्या वासावर चांगलं असं आई म्हणते. मधुमेहावर काढा घेतात तो पारंपरिक उपाय आहे, पण शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, साखर एकदम खाली गेली तर भारी पडेल. आणि गोळ्या बंद करून काढा तर अजिबातच नको, आमच्या भावकीत एकानं तेच करायला घेतलं होतं.

नवरात्रात मात्र आता बांध राखायला लागतो. घटाला माळ तरवडाच्या फुलांची लागते (तिकडं तेलंगणात बतुकम्मा या फुलांच्या सणालाही हेच फूल, राज्याचं फूल आहे त्यांचं), त्यामुळं सकाळी सकाळी अर्धी आळी आमच्या बांधावर. फुलं नेऊ देतो, फांद्या मोडल्या तर बोलतो, आणि शेंड्याकडची फुलं बियासाठी ठेवा म्हणून सांगतो. चुलत्यांनी परवा त्यांच्या बांधासाठी बी मागितलंय, वर मलाच सांगतात, पॉलिश पेपरवर तूच घासून दे.